मटिल्डा हे नाव नेमकं कुणाचं? वसईच्या एका पणजीच्या नावाचा माग

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारी ताई वसईची आहे, काही महिन्यांत बाळ येणार आहे आणि मुलगी झाली तर पणजीचं नाव ठेवायचं तिच्या मनात आहे, मटिल्डा. घरात मात्र तीन मतं आहेत. आत्या म्हणते नाव पोर्तुगीज आहे, काका म्हणतात इंग्रजांकडून आलंय, आणि नेटवर शोधलं तर म्हणे जर्मन, अर्थ "युद्धात बलवान". पणजी तर आयुष्यात कोणाशी आवाज चढवून बोलली नाही. वर बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर "माथिल्डिस" असं लिहिलंय, मग ते वेगळंच नाव आहे का? आणि एवढं सगळं असताना हे नाव ठेवावं का?

मी पुण्यात जर्मन शिकवते, वीसेक वर्षं झाली, आणि त्या ओघात लोक जुने दाखले, चर्चच्या रजिस्टरच्या झेरॉक्स, आजोबांची पत्रं असं काय काय वाचून घ्यायला आणतात, त्यामुळे या जातीचा प्रश्न मला नवीन नाही. ताई, तुमच्या प्रश्नात खरं म्हणजे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. नाव मुळात कुठलं, हा एक. त्याचं उत्तर पक्कं आहे. आणि तुमच्या घरात ते कुठल्या वाटेने आलं, हा दुसरा. तो तुमच्या पणजीच्या गावावर, चर्चवर, जन्मसालावर अवलंबून आहे, ते कागद बघितल्याशिवाय मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण कसं शोधायचं ते सांगू शकते. आत्या, काका आणि नेट तिघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण तिघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत.

मुळापासून सुरू करू. नाव जुन्या जर्मन बोलींमधलं आहे, दोन तुकड्यांचं. पहिला "माख्त", म्हणजे सामर्थ्य, आजच्या जर्मनमध्ये हाच शब्द जसाच्या तसा आहे. दुसरा "हिल्ट", म्हणजे लढाई. मूळ रूप साधारण माख्तहिल्ट. लॅटिन लिहिणाऱ्या पाद्रींना तो मधला घशातला "ख" लिहायलाही अवघड आणि म्हणायलाही, तो गळाला आणि झालं माथिल्डिस. तर तुमच्या दाखल्यावरचं माथिल्डिस हे वेगळं नाव नाही, ते मटिल्डाचंच लॅटिन रूप आहे. जर्मनीत लोकांच्या तोंडी मात्र तो "ख" टिकला आणि पुढच्या "हि"मुळे आधीचा "आ" सरकून "ए" झाला, आणि "ए"नंतर तो "ख" आता "श"सारखा ऐकू येतो, म्हणून तिकडे मेश्टहिल्ड असंही नाव सापडतं. १३व्या शतकातली माग्डेबुर्गची मेश्टहिल्ड ही मोठी संत-कवयित्री, देवाशी बोलताना तिने लॅटिन बाजूला ठेवून आपली लोकभाषा वापरली, आपल्याला हे वाचताना ज्ञानेश्वर आठवतात आणि काळही तोच आहे. तर मेश्टहिल्ड आणि मटिल्डा म्हणजे एकाच नावाची दोन रूपं, एक जिभेवर वाढलेलं, एक कागदावर.

आता तो "युद्धात बलवान" अर्थ. नावांच्या साइट्स हे दोन तुकडे जोडून एक वाक्य बनवतात आणि तिथे गडबड होते. जुने जर्मन लोक नावं वाक्य म्हणून बनवायचेच नाहीत. त्यांच्याकडे तुकड्यांचा एक साठा असायचा, आणि बाळाच्या नावात आईच्या नावातला एक तुकडा, आजोबांच्या नावातला एक तुकडा असं घालून ते बाळ कोणत्या घरातलं आहे ते दाखवायचे. आपल्याकडे एका घरात चंद्रकांत, सूर्यकांत, लक्ष्मीकांत असे तीन भाऊ असतात तेव्हा आपण कुठे प्रत्येकाचा समास सोडवत बसतो, "कांत" ऐकलं की कळतं भाऊ-भाऊ असणार. तसंच. पुरावा हवा असेल तर फ्रेडेगुंड हे नाव बघा, पहिला तुकडा शांतता, दुसरा लढाई, आता याचं काय वाक्य करणार? गुनहिल्डमध्ये तर दोन्ही तुकड्यांचा अर्थ लढाईच आहे. क्लोटिल्ड, ब्रुनहिल्ड, हिल्डेगार्ड, नुसतं हिल्डा, सगळीकडे तो हिल्ड आहे आणि यातल्या कित्येक जणी मठात शांतपणे आयुष्य काढलेल्या बायका आहेत. त्यामुळे पणजी शांत होती आणि नाव लढाईचं, याचं ओझं घेऊ नका.

मग हे नाव टिकलं कशामुळे? माझं ठाम मत आहे की अर्थामुळे नाही, कुणाच्या तरी आठवणीने मुलीला ठेवलं म्हणून टिकलं. आणि मटिल्डाच्या बाबतीत हे अगदी सुरुवातीपासून कागदोपत्री दिसतं, म्हणूनच मला हे नाव इतकं आवडतं.

पहिली खूप प्रसिद्ध मटिल्डा म्हणजे जर्मनीचा राजा हाइनरिश पहिला याची राणी. सॅक्सनीतल्या सरदार घराण्यातली, जन्म साधारण ८९५चा. तिच्या आईचं नाव राइनहिल्ड, म्हणजे "हिल्ड" हा तुकडा आईकडे होताच. आणि तिची आजी हेरफोर्डच्या मठाची प्रमुख, त्या आजीचं नाव मटिल्डा! ही मुलगी त्या आजीजवळच, मठात वाढली. तिच्या जुन्या चरित्रात एक प्रसंग आहे, हाइनरिश तिला बघायला हेरफोर्डला येतो तेव्हा आधी ओळख न देता चर्चमध्ये जाऊन लांबून बघतो, तर ही हातात स्तोत्रांचं पुस्तक घेऊन बसलेली. कांदेपोह्यांच्या आधी मुलगी देवळात बघून घेतात ना, तोच प्रकार, अकराशे वर्षांपूर्वीचा. लग्न ९०९ साली झालं, ९१९ला तो राजा झाला, ९३६ला वारला. मग तिने क्वेडलिनबुर्गला त्याच्या थडग्यापाशी बायकांचा मठ उभा केला, ९६८च्या १४ मार्चला तिथेच वारली, आणि तिची दगडी शवपेटी आजही तिथल्या चर्चच्या तळघरात आहे. चर्चने तिला संत मानलं, सण १४ मार्च. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता बघा नाव कसं पसरतं. तिचा मुलगा सम्राट ऑटो पहिला, त्याने मुलीचं नाव ठेवलं मटिल्डा, आजीवरून. ही नात क्वेडलिनबुर्गच्या मठाची प्रमुख झाली, आणि पुढे तिचा भाचा ऑटो तिसरा इटलीत असताना ९९७पासून ९९९पर्यंत, म्हणजे तिच्या मृत्यूपर्यंत, जर्मनीचा कारभार तिने सांभाळला. ऑटोच्या दुसऱ्या एका मुलाच्या घरीही मुलीचं नाव मटिल्डाच, ती एसेनच्या मठाची प्रमुख. एसेनच्या चर्चच्या खजिन्यात तिच्या काळातला एक सोन्याचा क्रूस आहे, मिरवणुकीत पुढे धरायचा. त्याच्या खालच्या टोकाला मीनाकामाची एक छोटी पट्टी आहे, त्यात ती आणि तिचा भाऊ ऑटो आमनेसामने उभे, मध्ये एक उंच क्रूस, त्याची काठी दोघांनी धरलेली आणि बाजूला दोघांची नावं लिहिलेली. भाऊ ९८२ साली वारला. वर्गात मी हा फोटो दाखवते तेव्हा पोरं दोन मिनिटं गप्प होतात. मला स्वतःला नावाच्या अर्थापेक्षा ती पट्टी जास्त काही सांगते, कुणाची कोण आणि कुणासोबत कोण, नावाने धरून ठेवलेलं.

इटलीतली मटिल्डा तर नावाचा "बलवान" अर्थ लोकांना खरा वाटावा अशीच होती. तोस्कानाची मटिल्डा, साधारण १०४६ ते १११५. १०७७च्या जानेवारीत जर्मन राजा हाइनरिश चौथा पोप ग्रेगरी सातवा यांची माफी मागायला तीन दिवस बर्फात अनवाणी उभा राहिला, ती गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल, पण हे जिथे घडलं तो कानोस्साचा किल्ला या मटिल्डाचा होता आणि पोप तिच्या घरी पाहुणे होते, हे कोणी सांगत नाही. तिची सही बघण्यासारखी आहे. एक क्रूस काढलेला आणि त्याच्या चार कोपऱ्यांत लॅटिन शब्द विखरून लिहिलेले, "मटिल्डा, देवाच्या कृपेने, जर ती कोणी असेल तर". एवढी मोठी जहागीरदारीण आणि सही अशी! १७व्या शतकात तिच्या अस्थी रोमला नेल्या, सेंट पीटर्समध्ये शिल्पकार बेर्निनीने केलेलं तिचं थडगं आहे.

आता इंग्लंड, कारण काकांचा मुद्दा तिथून येतो. १०६६ला नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं, त्याची बायको फ्लँडर्सची मटिल्डा, १०६८ला तिचा राणी म्हणून राज्याभिषेक झाला आणि हे नाव इंग्लंडात रुजलं ते तिथून. किती रुजलं ते सांगते. स्कॉटलंडच्या राजाला मुलगी झाली, नाव एडिथ, अस्सल इंग्लिश नाव. तिच्या बाप्तिस्म्याला ही राणी मटिल्डा हजर होती आणि तान्ह्या एडिथने राणीच्या डोक्यावरचं वस्त्र ओढलं, असं नंतरच्या एका पत्रात आलंय, लोकांनी तो शकुन मानला. ११०० साली एडिथचं लग्न विल्यमच्या मुलाशी, हेन्री पहिल्याशी झालं आणि ती झाली मटिल्डा. नॉर्मन दरबारात एडिथ नाव चालण्यासारखं नव्हतं. लग्नानंतर बायकोचं नाव बदलायची प्रथा आपल्याकडेच आहे असं वाटत असेल तर हे बघा.

तिची मुलगी पुन्हा मटिल्डा, ११०२ची. जर्मन सम्राटाशी लग्न झालेली म्हणून तिला एम्प्रेस मटिल्डा म्हणतात. ११२०च्या नोव्हेंबरमध्ये व्हाइट शिप नावाचं जहाज बुडालं, त्यात तिचा एकुलता सख्खा भाऊ गेला आणि इंग्लंडच्या गादीवर हिचा हक्क आला. बापाने सरदारांकडून शपथा घेतल्या होत्या, पण तो गेल्यावर गादी बळकावली आतेभाऊ स्टीफनने, आणि या स्टीफनची बायको कोण, तर तीही मटिल्डा. बरीच वर्षं यादवी चालली आणि ११४१ साली एका बाजूला ही मटिल्डा, दुसऱ्या बाजूला नवरा कैदेत असल्यामुळे फौज घेऊन उतरलेली ती मटिल्डा. ११४२च्या डिसेंबरात ऑक्सफर्डच्या किल्ल्याला वेढा पडलेला असताना एम्प्रेस मटिल्डा पांढरे कपडे घालून, बर्फात दिसू नये म्हणून, गोठलेली नदी ओलांडून मोजक्या माणसांबरोबर निसटली. स्वतःला मुकुट कधी मिळाला नाही, पण मुलगा ११५४ला राजा झाला, हेन्री दुसरा. त्याने आपल्या मुलीचं नाव काय ठेवलं असेल ते तुम्हीच ओळखलं असेल. आणि ही सगळ्यात धाकटी मटिल्डा ११६८ साली लग्न होऊन गेली कुठे, तर सॅक्सनीला, तिथल्या ड्यूकच्या घरी. म्हणजे सॅक्सनीतून निघालेलं नाव दोनशे वर्षांनी लेकीच्या रूपाने परत सॅक्सनीत. मला हा भाग सांगताना दरवेळी भरून येतं, खरंच.

इंग्लंडात साध्या लोकांच्या तोंडी मात्र मटिल्डा नव्हतं. फ्रेंचमध्ये नावाचं मो, मॉ असं काहीसं होत गेलं आणि इंग्रजीत त्याचं मॉड झालं. रजिस्टरला मटिल्डा, घरी मॉड, लाडाने टिली. मॉड आणि मटिल्डा एकच आहेत हे आज कित्येक इंग्रजांनाही माहीत नसतं. मधली काही शतकं हे नाव मागे पडलं होतं, १९व्या शतकात मध्ययुगाची आवड परत आली तेव्हा दोन्ही रूपं पुन्हा वर आली. एडवर्ड सातव्याची मुलगी मॉड, १८६९ची, १९०५ला नॉर्वेची राणी झाली. अंटार्क्टिकातला जो भाग नॉर्वेने १९३९ला आपला म्हणून जाहीर केला त्याला तिचंच नाव आहे, क्वीन मॉड लँड. आणि आपलं "मैत्री" हे संशोधन केंद्र तिथेच आहे, ज्याचा कारभार गोव्यातून, वास्कोच्या ध्रुवीय संशोधन संस्थेतून चालतो. म्हणजे वास्कोतला माणूस मोहिमेवर निघतो तेव्हा तो एका अर्थी मटिल्डाच्याच नावाच्या जमिनीवर उतरतो.

आता पोर्तुगाल, म्हणजे आत्याचा मुद्दा. पोर्तुगालच्या पहिल्या राजाची, अफोन्सो एन्रिकेशची राणी सव्हॉयहून आलेली, लग्न ११४६चं, नाव माफाल्दा. माफाल्दा हेही मटिल्डाचंच रूप. त्याशेजारी मातिल्द हे रूपही पोर्तुगीजमध्ये होतं आणि आजही आहे. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती, नंतर चिमाजी आप्पांनी जिंकली, पण पोर्तुगीज सत्ता गेली म्हणून ख्रिस्ती घरातली नावं गेली नाहीत, आणि त्या भागातल्या चर्चेसवर पोर्तुगीज पाद्रोआदोचा, म्हणजे पोर्तुगालच्या राजाला चर्चच्या कारभारात मिळालेल्या अधिकाराचा, अंमल त्यानंतरही बराच काळ होता. शेजारी मुंबई इंग्रजांची. त्यामुळे एकाच गावात, एकाच पिढीत, एका घरात नाव पोर्तुगीज वाटेने आणि दुसऱ्या घरात इंग्रजी वाटेने आलेलं असू शकतं. म्हणून मी वर म्हटलं की हे परिस्थितीवर आहे.

तर शोधायचं कसं. माझ्या अनुभवात पहिला धागा म्हणजे कान. घरातली सगळ्यात म्हातारी माणसं पणजीला काय म्हणायची ते विचारा, कागदावर काय आहे ते नाही. पोर्तुगीजमधले त-द आपल्या कानाला दंत्य लागतात, इंग्रजीतले ट-ड लागतात. पाद्री, मेस्त्री, इस्त्री, फीत, बादली हे पोर्तुगीजमधून आलेले शब्द बघा आणि टेबल, डॉक्टर हे इंग्रजीतले बघा. म्हणजे कोणी "मातिल्द" किंवा "मातिल" म्हणत असेल, शेवटचा स्वर गिळून, तर वाट पोर्तुगीज असण्याची शक्यता जास्त. "मटिल्डा" किंवा "टिली" म्हणत असतील तर इंग्रजी. पण हा नियम म्हणून घेऊ नका, बटाटा पोर्तुगीजांकडूनच आला आणि त्यात दोन-दोन ट आहेत, शिवाय शाळेत इंग्रजी शिकलेल्या पुढच्या पिढीने जुनं मातिल्द सुधारून मटिल्डा केल्याचंही मी पाहिलंय.

दुसरा धागा स्पेलिंग. दाखल्यावरचं माथिल्डिस लॅटिन आहे, आणि लॅटिन सगळ्यांचं सारखं असल्यामुळे त्यावरून वाट कळत नाही. पण पणजीच्या लग्नाची नोंद, मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी यात आई म्हणून तिचं नाव परत परत आलेलं असणार. शेवटचं रोमन अक्षर "ई" (E) असेल तर पोर्तुगीज, "ए" (A) असेल तर इंग्रजी मानायला हरकत नाही. मधल्या "एच"वर मात्र जाऊ नका. पोर्तुगालने १९११ला स्पेलिंग सुधारलं तेव्हा तो "एच" काढला, त्याआधी पोर्तुगीजमध्येही तो असायचा, आणि इथल्या चर्चमधले लिहिणारे लगेच बदलले असतील असं नाही.

तिसरा धागा, आणि मी सगळ्यात जास्त भरवसा यावर ठेवते, गॉडमदर, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची धर्ममाता होणारी बाई. लोक दाखल्याची कॉपी आणतात त्यात बहुतेक वेळा मुलीचं नाव, आई-बाप, तारीख एवढंच उतरवलेलं असतं, मूळ रजिस्टरात मात्र गॉडफादर-गॉडमदरचंही नाव असतं. मागे एका बाईंच्या आजीच्या नावाचा असाच घोळ होता, नाव घराण्यात आधी कोणाचंच नाही, मग आलं कुठून? घरातले म्हणत कोणा मडमेच्या नावावरून ठेवलं असेल. मूळ पानाचा फोटो आला, शाई तपकिरी झालेली, कडा कसरीने खाल्लेल्या, आणि गॉडमदरच्या जागी तेच नाव, शेजारच्याच आळीतलं आडनाव. आईची मैत्रीण असावी. त्या बाई फोनवर काही बोलल्याच नाहीत थोडा वेळ, मग म्हणाल्या, त्या आळीत आम्ही लहानपणी रोज जायचो. चौथी गोष्ट पटकन सांगते, पणजीची जन्मतारीख १४ मार्चच्या आसपास असेल तर नाव सरळ संतांच्या कॅलेंडरवरून आलेलं असू शकतं, तेव्हा फादरच सुचवायचे पुष्कळदा.

राहिला शेवटचा प्रश्न, ठेवावं का. हा निर्णय तुमचा आणि घरच्यांचा, पण मत विचारलंय म्हणून सांगते, मी असते तर ठेवलं असतं. परकं वाटेल ही भीती मला पटत नाही, जे नाव तुमच्या घरात चार पिढ्यांपूर्वी हाक मारायला वापरलं जात होतं ते परकं कसं? जुनाट वाटेल म्हणाल तर जर्मनीत गेल्या काही वर्षांत मुलींना पुन्हा हे नाव ठेवतायत, बेल्जियमची आताची राणीही मातिल्डच आहे. एक व्यवहाराची गोष्ट मात्र आधीच ठरवा, जन्मदाखल्यावर इंग्रजी स्पेलिंग कोणतं आणि मराठीत कसं लिहायचं, ट-ड की त-द. पुढे शाळा, आधार, पासपोर्ट सगळीकडे तेच लागतं आणि नंतर बदलायला फार त्रास होतो. पणजीला घरी मातिल्द म्हणत असतील आणि तुम्हाला तेच ठेवायचं असेल तर बिनधास्त तेच लिहा, ते चुकीचं मटिल्डा नाही.

चर्चच्या ऑफिसात जाताना पणजीचं जन्मसाल अंदाजे माहीत असलं तरी चालेल, दोन-तीन वर्षं मागेपुढे बघायची तयारी ठेवा आणि "मूळ रजिस्टर बघायला मिळेल का" असं विचारा, नुसता दाखला मागू नका. परवानगी मिळाली तर पूर्ण पानाचा एक फोटो आणि गॉडमदरच्या ओळीचा जवळून एक, फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड बाजूने पडेल असं पान धरून, म्हणजे उडालेल्या शाईचे निबाचे ओरखडे दिसतात. तो फोटो इथेच टाका, मी वाचून देते.